सही तुमची, तर डोंगलपण तुमच्याच पर्समध्ये: नवीन सरपंचबाईंसाठी पहिल्या वर्षाची गाईड

निवडून आलात, गुलाल उडाला, डीजे वाजला, आता दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई दारात येऊन म्हणतो "भाऊसाहेबांनी सह्या घ्यायला पाठवलंय". (भाऊसाहेब म्हंजे ग्रामसेवक.) बहुतेक जणींचं सरपंचपद असंच सुरू होतं, चुलीपुढे, हातात पेन कोंबून. माझंपण तसंच झालं होतं. मी आधी पाच वर्षं सदस्य आणि नंतर सरपंच होते, नऊ सदस्यांची छोटी ग्रामपंचायत, आणि पहिले चारपाच महिने मी नेमक्या कशाकशावर सह्या केल्या ते आजपण मला सांगता येणार नाही. म्हणून हे लिहितेय, आता आरक्षणात नव्याने आलेल्या ज्या आहेत त्यांच्यासाठी. सदस्य असाल तरी वाचा, अर्धं तुम्हाला पण लागू होतं.

थोडं मागचं आधी. 73 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली आणि बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, आपल्या राज्यात 2011 पासून त्या निम्म्या झाल्या. पण बायका त्याच्या आधीपण होत्या बरं का. बारामती तालुक्यातल्या निंबूतला साठच्या दशकातच सगळ्या बायकांची ग्रामपंचायत होती, कमलबाई काकडे सरपंच, आणि 1989 ला शेतकरी संघटनेच्या बायकांनी जळगावच्या विटनेरला संपूर्ण महिला पॅनल निवडून आणलं होतं, तेव्हा ह्या कायद्याचा पत्ताही नव्हता. त्यामुळे कोणी म्हणालं की "आरक्षण होतं म्हणून आली", तर हसायचं आणि कामाला लागायचं.

पहिले 30 दिवस: खर्चाचा हिशोब

सगळ्यात आधी हे, कारण ह्यात भल्या भल्या फसतात. निकाल लागल्यापासून 30 दिवसांच्या आत निवडणूक खर्चाचा हिशोब द्यायचा असतो. बिनविरोध आला असाल तरी द्यायचा. नाही दिला तर जिल्हाधिकारी अपात्र ठरवू शकतात, पाच वर्षांपर्यंत. खर्च केलेला असतो घरच्या पुरुषांनी, पावत्या त्यांच्याच खिशात, आणि अपात्र व्हायची वेळ आली की नाव मात्र तुमचं. देताना पोच घ्या, शिक्क्यासकट. राखीव जागेवर उभ्या असाल आणि जात पडताळणीची फक्त पावती जोडली असेल तर वैधता प्रमाणपत्राच्या मुदतीची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा, ह्याच्यावर पदं गेलीयत लोकांची.

मग एक फाईल करा. साधी, दुकानात मिळते ती. जे जे द्याल त्याची झेरॉक्स त्यात, पोच घेऊन. ही फाईल ऑफिसात ठेवायची नाही, घरी ठेवायची.

खुर्ची

हसू नका, खरंच पहिली लढाई खुर्चीची असते. ऑफिसात सरपंचाची एक खुर्ची असते, तिच्यावर तुमच्या आधी कोणीतरी बसलेलं असतं. माजी सरपंच, दीर, कधी मालक स्वतः. आमच्याकडे पहिल्या मासिक सभेला मला बाकड्यावर जागा दाखवली होती आणि आमचे हे खुर्चीत. भांडण नाही केलं मी, घरी येऊन रात्री त्यांना एवढंच विचारलं की उद्या ऑडिटमध्ये काही निघालं तर वसुली कोणाच्या नावावर निघेल? ते बराच वेळ गप्प. पुढच्या सभेला ते मला गाडीवर सोडून पारावर जाऊन बसले.

सरपंचपती हा शब्द आता दिल्लीपर्यंत पोचलाय, 2023 मध्ये सुप्रीम कोर्टात विषय गेल्यावर केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने ह्याच्यासाठी समिती नेमली होती. बाईच्या कारभारात नातेवाइकांनी लुडबूड करू नये अशा सूचना आपल्या राज्यातपण आहेत. पण मी प्रामाणिकपणे सांगते, कागद दाखवून नवरा उठत नाही. जबाबदारीचा आकडा दाखवला की उठतो. आणि ज्यांचे मालक खरंच मदत करतात त्यांनी ती घ्यावी की, तालुक्याला सोडायला, मुलं सांभाळायला, रात्री कागद वाचून दाखवायला. फक्त सभेत बसणं आणि सही करणं ह्या दोन गोष्टी दुसऱ्याला देता येत नाहीत.

डोंगल, चेकबुक आणि प्रोसिडिंग

ही गाईड मी खरं तर ह्याच भागासाठी लिहायला घेतली. गावात तुम्हाला मान किती मिळतो, बॅनरवर फोटो केवढा, सत्कार किती झाले ह्याला फार अर्थ नाही. ग्रामपंचायतीची ताकद तीन वस्तूंमध्ये असते आणि त्या तिन्ही वस्तू पर्समध्ये किंवा डोळ्यासमोर पाहिजेत.

डोंगल म्हंजे पेनड्राइव्हसारखी दिसणारी वस्तू, त्यात तुमची डिजिटल सही असते. वित्त आयोगाचे पैसे आता चेकने जात नाहीत, ई-ग्रामस्वराजवरून ऑनलाईन जातात आणि त्याला भाऊसाहेबांची आणि सरपंचाची अशा दोन्ही डिजिटल सह्या लागतात. (ग्रामसेवक ह्या पदाचं नाव 2024 पासून ग्रामपंचायत अधिकारी केलंय पण गावात भाऊसाहेबच राहणार.) ही डोंगल तुमच्या नावाने निघते, त्याचा पासवर्ड असतो, ओटीपी तुमच्या मोबाईलवर यायला पाहिजे. आणि होतं काय, डोंगल ऑफिसातल्या कॉम्प्युटर ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, पासवर्ड ऑपरेटरला पाठ, आणि मोबाईल नंबर घरातल्या पोराचा. म्हंजे तुम्ही भाकऱ्या थापत असताना तुमच्या सहीने पाच लाख गेलेले असतात. मला हे आठव्या महिन्यात कळलं, तेपण बँकेत दुसऱ्याच कामाला गेले होते तेव्हा. त्या दिवशी डोंगल मागून आणली, पासवर्ड बदलला, नंबर माझा टाकायला लावला. ऑपरेटर चार दिवस बोलला नाही, मग बोलायला लागला. पेमेंट करायचं असेल त्या दिवशी स्वतः जायचं, बिल बघायचं, डोंगल लावायची, काढायची, घरी आणायची.

चेकबुकाचं सोपंय. कोऱ्या चेकवर सही नाही. "वहिनी, तुम्ही गावाला जाणार आहात तर दोन चेकवर करून ठेवा" असं गोड बोलून मागतात. गावाला जाऊन आल्यावर करते म्हणायचं.

प्रोसिडिंग म्हंजे सभेचं इतिवृत्त लिहायचं रजिस्टर. सभेत काय बोललं गेलं हे महत्त्वाचं नसतं, प्रोसिडिंगला काय लिहिलं गेलं तेच राहतं. म्हणून सभा संपली की तिथंच बसून ठराव लिहून घ्यायचे, वाचायला लावायचे, दोन ठरावांच्या मध्ये कोऱ्या ओळी सोडलेल्या दिसल्या की त्यावर आडव्या रेघा मारायच्या, आणि मग सही. प्रत्येक ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतो, त्यांची नावं नीट बघा, तुम्ही मांडलेल्या विषयाला दुसऱ्याच कोणाचं नाव सूचक म्हणून पडलेलं असतं. सदस्य बायांनी तर हे पक्कं धरा, पाच वर्षांत निदान चार ठराव तरी आपल्या नावाने सूचक म्हणून पाहिजेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला ना, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद, आणि मग त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकी गावांनी तसं करावं म्हणून सांगितलं, ते सगळं एका ग्रामपंचायतीच्या रजिस्टरातल्या ठरावापासून सुरू झालं.

वाचता येत नसेल किंवा हळू येत असेल तर लाजू नका. शाळेत जाणाऱ्या लेकीला रात्री वाचायला लावा, माझी एक मैत्रीण सदस्य होती ती तसंच करायची आणि तिला जेवढं अंदाजपत्रक कळायचं तेवढं आम्हा दहावी पास झालेल्यांना नाही कळायचं.

कोणतं रजिस्टर कशाचं

ग्रामपंचायतीच्या ठरलेल्या रजिस्टरांना नमुने म्हणतात, ते एकूण 33 आहेत. सगळे पाठ करत बसू नका, घाबरवायला सांगतात ते. सुरुवातीला हे बघा. नमुना 1 म्हंजे वर्षाचं अंदाजपत्रक. नमुना 5 रोकड वही, म्हंजे आपला रोजचा आला-गेला हिशोब, महिन्याला एकदा ही घेऊन बँकेच्या पासबुकाशी लावून बघायची. नमुना 8 घरांची कर आकारणी, नमुना 9 कोणाकडे किती कर मागायचाय ते, नमुना 10 कराची पावती.

रोकड वही बघायला मागितली की पहिल्यांदा उत्तर येतं "ऑडिटला गेलीय". दुसऱ्यांदा पण तेच. तिसऱ्यांदा लेखी मागा, तारीख टाकून, आणि पोच घ्या. लेखी मागितलं की येते.

कामाच्या बिलांचं असं असतं, की आधी इंजिनिअरचं अंदाजपत्रक, मग ठराव, मग काम, मग इंजिनिअर येऊन मोजमाप करून एमबी (म्हंजे मोजमापाची वही) लिहितो, मग बिल. एमबी नाही तर बिलावर सही नाही, ठेकेदार भाऊबंदातला असला तरी नाही. गटार तीनशे फूट लिहिली असेल तर एक संध्याकाळ फिरायला जायचं आणि पावलांनी मोजायची, साडीत पण मोजता येते.

महिला ग्रामसभा

वर्षातून निदान चार ग्रामसभा व्हायला पाहिजेत आणि प्रत्येक नेहमीच्या ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यायची असा कायदा आहे. आता खरं सांगा, तुमच्या गावात शेवटची कधी झाली? रजिस्टरमध्ये झालेली असते. अंगठे, सह्या घरोघर फिरून घेतलेल्या असतात, बचत गटाच्या मीटिंगच्याच फोटोवर भागवलेलं असतं.

ही सभा तुमची खरी जागा आहे, वापरा. वेळ मात्र तुम्ही ठरवा, सकाळी अकराला ठेवली तर खुरपणीच्या दिवसात कोण येणार? आमच्याकडे आम्ही संध्याकाळी सहाची धरली, मंदिरात, एका तासाची. पहिल्या वेळी सात जणी आल्या, त्यातल्या दोघी माझ्या जावा. मग निरोप द्यायची पद्धत बदलली, दवंडी आणि नोटीस बोर्ड तर असतंच पण बचत गटाच्या अध्यक्षांना, अंगणवाडी ताईंना आणि आशाताईंना धरलं, आणि विषयपत्रिकेत "पाणी किती वाजता सोडायचं" हा विषय टाकला. त्या दिवशी मंदिरात बसायला जागा नव्हती. "विकास आराखड्यावर चर्चा" असं लिहिलं तर कोणी येत नाही हो, नळाचं लिहा.

महिला सभेत ठरलेलं दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेत मांडायचं आणि तिथल्या प्रोसिडिंगला घालायचं, हे विसरलं की सगळं फुकट. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हंजे कमीत कमी लागणारी हजेरी, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जे कमी असेल ते. म्हंजे छोट्या गावात साठसत्तर बाया जरी ठरवून आल्या तरी सभेचं माप बदलतं. एक गोष्ट मात्र सरपंचांनी लक्षात ठेवा, सभा बोलवायची जबाबदारी तुमची आहे, कारण नसताना टाळल्या तर पद जाऊ शकतं, आणि "सरपंचबाईंनी सभाच घेतल्या नाहीत" अशी तक्रार करणारेच तुम्हाला "कशाला घेताय, भांडणं होतात" म्हणून सांगत असतात.

पैसे कुठं आहेत

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला बालकल्याणावर, 15 टक्के मागासवर्गीयांसाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आधी रोकड वहीत बघा की हे 10 टक्के जातात कुठं. अंगणवाडीला सतरंजी, ताट-वाट्या, परत पुढच्या वर्षी सतरंजी. मी एका वर्षी विचारलं की मागच्या तीन सतरंज्या कुठायत, तर एकच सापडली. त्या वर्षी आम्ही शाळेतल्या मुलींच्या बाथरूमला दार आणि कडी आणि पाण्याची टाकी बसवली त्या पैशातून.

वित्त आयोगाचा पैसा मोठा असतो, त्यात बंधित म्हंजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा आणि अबंधित म्हंजे बाकी गरजेला, हा फरक समजून घ्या, नाहीतर "वहिनी ह्यात बसत नाही" हे वाक्य पाच वर्षं ऐकाल. पंधराव्या वित्त आयोगात 60 टक्के बंधित होता. आणि आराखडा एकदा अपलोड झाला की त्यात नसलेलं काम घुसवायला फार त्रास होतो, म्हणून "आमचं गाव आमचा विकास" चा आराखडा बनतो तेव्हा घरचं लग्न असलं तरी तिथं हजर राहा.

पहिल्या वर्षात करण्यासारखं एक काम

नवीन बायांना माझा एकच आग्रह असतो. रस्ता-गटार होतच राहतं. नमुना 8 ला घरांवर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावा. "घर दोघांचे" म्हणून 2003 पासून सरकारचा निर्णय आहे, फार पैसे लागत नाहीत, ठेकेदार लागत नाही, अर्ज, ठराव आणि नोंद. विरोध होतो, होणारच, एकाने मला सरळ विचारलं की "आमच्या घरात भांडणं लावायला निवडून दिलं का तुम्हाला". सुरुवात स्वतःच्या घरापासून करा म्हंजे तोंडं बंद होतात. आमच्यात सासूबाईंनी पहिला अर्ज दिला, मीपण बघत राहिले.

दारूचं दुकान बंद करायचं असेल तर त्याचापण रस्ता आहे, बाटली आडवी. गावातल्या 25 टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज, सह्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान. आडव्या बाटलीला, म्हंजे दुकान बंद करायच्या बाजूला, एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. नीट वाचा, आलेल्यांच्या निम्मी मतं नव्हेत, यादीतल्या सगळ्या बायांच्या निम्म्याहून जास्त. म्हणजे पुण्या-मुंबईला राहणाऱ्या, सासरी गेलेल्या, सगळ्यांची नावं मोजली जातात. मोजणी न करता हात घालू नका.

पद जायच्या वाटा

हे वाचताना कंटाळा येईल, तरी वाचा. तिसरं मूल झालं तर पद जातं. घरपट्टी-पाणीपट्टी थकवली तर जातं, मागणीचं बिल आल्यावर तीन महिन्यांच्या आत भरा, पावती फाईलला. सरकारी जागेवर अतिक्रमण असेल तर जातं. घरात संडास पाहिजे आणि तुम्ही तो वापरता असा दाखला लागतो. ग्रामपंचायतीच्या कामात तुमचा हिस्सा असला, म्हणजे मालकाच्या नाहीतर दिराच्या नावाने ठेका घेतलेला असला तर तेपण अंगावर येतं.

एक खास बायकांसाठी, जे कोणी सांगत नाही. सलग सहा महिने परवानगीशिवाय सभांना गैरहजर राहिलात किंवा चार महिन्यांपेक्षा जास्त गावाबाहेर राहिलात तर पद रिकामं धरता येतं. बाळंतपणाला माहेरी जाणार असाल तर आधी रजेचा अर्ज द्या, सभेत मंजुरीचा ठराव करून घ्या, नक्कल घेऊन मगच एसटीत बसा.

अविश्वास ठराव आला तर रडत घरी बसू नका. सदस्यांनी तहसीलदारांकडे नोटीस दिली की सात दिवसांत विशेष सभा लागते. पद महिलेसाठी राखीव असेल आणि सरपंच महिला असेल तर साधं बहुमत किंवा दोन तृतीयांश पुरत नाही, तीन चतुर्थांश लागतात. जनतेतून थेट निवडून आला असाल तर पुढे ग्रामसभेतपण मतदान होतं. त्या सभेत तुम्हाला बोलायचा हक्क आहे, बोला.

आणि अतिक्रमणाच्या तक्रारीवरून जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या मनीषा पानपाटील ह्यांचं पद घालवलं होतं, म्हणे सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहते. त्या सांगत होत्या की मी वेगळी, भाड्याच्या घरात राहते. खालपासून हायकोर्टापर्यंत सगळीकडे हरल्या, पण सप्टेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना पद परत दिलं, आणि लोकनियुक्त बाईला असं सहज काढून टाकता येणार नाही म्हणून चांगलंच सुनावलं. तुमच्यापैकी कोणी वेगळं राहत असेल तर भाडेपावती, रेशनकार्ड, लाईटबिल आत्ताच फाईलला लावा.

तालुक्याला जायचं

पंचायत समितीत पहिल्यांदा एकटीने जाल तेव्हा साहेब तुमच्या मागे बघतील, बरोबर कोण आहे ते. दोन-तीन गावच्या सरपंचबाया मिळून जा, एकाच गाडीत, भाडं वाटून. बीडीओंपुढे (म्हंजे गटविकास अधिकाऱ्यांपुढे) तिघी बसल्या की काम निम्म्या वेळात होतं हा माझा अनुभव. अर्ज दोन प्रतीत न्यायचा, एकीवर पोच. यशदाचं (ही सरकारची प्रशिक्षण संस्था) किंवा जिल्ह्याचं ट्रेनिंग आलं की जायचं, जेवण बरं असतं आणि तिथंच ह्या मैत्रिणी मिळतात, सभेचे नियम त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकींना विचारता येतात.

मानधन 2024 मध्ये दुप्पट झालंय, दोन हजारापर्यंत लोकसंख्येच्या गावाला सरपंचाला महिना 6000, आठ हजारापर्यंत 8000, त्याच्या पुढे 10000. ते तुमच्याच खात्यावर घ्या, ज्याचं एटीएम तुमच्याकडे असेल अशा.

चार्ज देताना

मुदत संपली की शिपाई परत दारात येतो, ह्या वेळी डोंगल मागायला. तशीच देऊ नका. ऑफिसात जा, रजिस्टरं, चेकबुक, शिक्के, डोंगल, कपाटाच्या चाव्या असं सगळं लिहून यादी करा, शेवटच्या चेकचा नंबर टाका, रोकड वहीतली शिल्लक त्या दिवसाची टाका, खाली देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही, दोन प्रती. मला चार्ज देऊन दोन वर्षं झाल्यावर एका पाण्याच्या मोटरीबद्दल नोटीस आली होती, मोटर कुठं गेली म्हणून. मी पत्र्याच्या पेटीतून यादी काढली, अकराव्या नंबरला मोटर, पुढे घेणाऱ्याची सही. झेरॉक्स काढून पाठवून दिली, परत कोणी विचारायला आलं नाही. पुढच्या वेळी आमचा वॉर्ड खुला पडलाय, खुल्यातूनपण बाईला उभं राहता येतं हे सासूबाईंनीच मला आठवण करून दिलंय, फॉर्म कुठं मिळतो ते त्या विचारून आल्यात.